बुटाला पट्टी ठोकून कारंजा ते वाशीम

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी कारंज्याहून वाशीमला गेलो. एस.टी.नं गेलो असतो तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. माणूस सकाळी बसतो आणि जेवायच्या वेळेला उतरतो. पण मी सायकलवर गेलो, सरळ रस्ता सोडून मानोरा आणि पोहरादेवीच्या वळशानं गेलो, आणि पायात जे घालून गेलो ते आमच्या भागात कोणाच्या पायात मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून लिहितो.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. आहे. हे स्वतःहून सांगू नये असं काही लोक म्हणतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं. माझा बा कारंज्याच्या धान्याच्या मंडीत पोती उचलतो. त्याच्या घरात बी.ए. झालेला मुलगा आहे, तर ते सांगितलंच पाहिजे.

कारंजा

अमरावतीला शिकताना मला सायकल शर्यतीचा नाद लागला. कॉलेजनं मोडीत काढलेली एक वाकड्या हँडलची रेसर मी मागून घेतली आणि दुरुस्त केली. या पौषात वाशीमला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आमचा जिल्हा अकोला, वाशीम त्यातलाच तालुका. शर्यतीत पहिले येतील ते सहाजण संघात घेणार. संघात आलं की खेळाडू म्हणून प्रमाणपत्र मिळतं, आणि नोकरीच्या अर्जाला ते जोडलं की अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. नुसती बी.ए. जोडून मी बरेच अर्ज करून पाहिले होते. ते खालच्या गठ्ठ्यातच राहिले असावेत.

आता त्या पट्टीबद्दल सांगतो. रेसरच्या पेडलला पुढून लोखंडी पिंजरा असतो. बुटाचं टोक त्यात घालायचं आणि वरून चामड्याची वादी आवळायची. शर्यतवाले याच्याही पुढे जातात. ते बुटाच्या तळाला धातूची पट्टी ठोकतात. पट्टीला आडवी खाच असते आणि पेडलची कड त्या खाचेत बसते. खाच घट्ट असली तर पाय तसूभरही हलत नाही. दाबताना जोर लागतो आणि वर ओढतानाही लागतो. खाच सैल असली तर टाच थोडी इकडेतिकडे खेळते. पायाला बरं वाटतं, पण जोर गळतो असं म्हणतात. तिसरा मार्ग म्हणजे पट्टी ठोकायचीच नाही.

मी नागपूरच्या मित्राकडून घट्ट खाचेच्या पट्ट्या मागवल्या. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या इंग्रजी पुस्तकात मी एक चित्र पाहिलं होतं. त्यात दोन्ही पाय रुळांसारखे सरळ होते. घरी फूटपट्टी घेतली, दोन्ही बुटांच्या तळांवर तशाच रेघा मारल्या आणि स्वतःच्या हातानं पट्ट्या ठोकल्या.

सोबतीला वसंता होता. वसंता माळ्याचा, माझ्याबरोबर मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कारंज्याच्या कडेला त्यांचा मळा आहे, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, रोज बाजारात जाते. त्याच्या आईनं पोहरादेवीला नारळ बोलला होता, तो फेडायचा होता. म्हणून माझा वळसा त्याला सोयीचा पडला. मला चढाचा सराव हवा होता आणि तिकडचा रस्ता चढउतारांचा आहे. वसंताची सायकल काळी, जड, मागे मोठं कॅरिअर. त्यावर माझी पिशवी, माझे जुने कॅनव्हासचे बूट, त्याचा नारळ आणि वाटेत कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून वांगी.

मी पाय अडकवून वादी आवळली तसा तो वाकून बघायला लागला.

"अन् थांबाचं असलं त?"

"वादी ढिली करायची, टाच उचलायची, पाय मागं ओढायचा."

"तेवढ्यात एस.टी. येऊन जाईन ना बे अंगावरून."

"आधीपासून ठरवायचं, कुठं थांबायचं ते."

"मंग कुत्र्यालेबी आधीच सांगून ठेवजो, इथंच आडवा ये म्हना."

मानोऱ्याच्या वाटेवर

पौषातली सकाळ होती. अडाण नदीच्या पुलावर इतकं थंड वारं होतं की वसंतानं रुमाल कानावरून बांधला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये तुरीच्या ओळी, शेंगा भरलेल्या. बाया वेचणीला निघालेल्या, कापूस टाकायचे ओटे कमरेला बांधून. माझी रेसर पाहून त्या थांबत आणि आम्ही पुढं गेलो की हसत. हसू हँडलला होतं की मला, ते काही कळलं नाही.

पट्टीचं सुख मला पहिल्याच चढावर कळलं. खाली जाणाऱ्या पायाबरोबर वर येणारा पायही काम करत होता. सायकल आणि मी वेगळे नव्हतोच. वसंता मागं राहिला, उभा राहून पेडल मारत आला आणि म्हणाला, "थांब ना बे, नारय माह्यापाशी हाय, तुह्यापाशी नाई."

पुढं एका शेतातून हाक आली. "या बाप्पा, हुरडा खाऊन जा!"

अमरावतीला हुरडा टोपलीत घेऊन बसतात, वजन करून देतात. आमच्याकडं आगटीजवळून जाणाऱ्याला न बोलावणं हाच अपमान समजतात. वसंतानं सायकल बांधावर टेकवली आणि गेला. मी वादी ढिली केली, टाच उचलली, पाय ओढला. उजवा निघाला. डावा निघेना. बाभळीला धरून उभा राहिलो, वाकलो, बुटाची नाडी सोडली आणि बूट पेडललाच ठेवून नुसता मोजा घालून आगटीपाशी गेलो. काळ्या रानातले सराटे मोज्यातून लागतात, हे त्या दिवशी समजलं.

"बूट सायकलनं घातला का?" शेतवाल्यानं विचारलं. तो पन्नाशीचा होता, भाजलेली कणसं हातावर चोळत होता.

"शर्यतीचा बूट आहे," मी म्हणालो.

"असन. आमच्याकडं बूट मानसं घालतात."

हुरडा गोड होता, बरोबर तिळाची चटणी होती. परत सायकलवर बसलो तेव्हा डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी दुखल्यासारखं वाटलं. बसून उठलो म्हणून असेल असं मी धरून चाललो. पण ते दर फेरीला त्याच जागी येत होतं. मानोरा जवळ आलं तोवर मी उतारावर पेडल मारणं बंद केलं होतं. वसंताला बोललो नाही. गुडघा गेला तर निवड गेली, हे त्यालाही ठाऊक होतं.

आत्याचं गाव

मुक्काम गया आत्याकडं होता. गया आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. मानोऱ्याच्या अलीकडं एका गावात राहते. नवरा नाही, दोन एकर रान आहे आणि आवाज असा की शेजारच्या रानातलं जनावर परतावं.

त्या गावाची एक जुनी रीत होती. आमच्या लोकांनी वेशीपाशी सायकलवरून उतरायचं, चावडी मागं पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं आणि मग बसायचं. बा बहिणीकडं यायचा तेव्हा असाच यायचा. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, त्यानंतरही वेस आली की पाय आपोआप खाली येत, असं तो सांगतो. आता कोणी उतर म्हणत नाही. कायदाही आहे. पण कोणी म्हणत नाही म्हणून चढूनच जाणारे फार आहेत, असंही नाही.

मी घट्ट खाच निवडली त्यात जोर जसा होता तसं हेही होतं. पाय बांधलेला असला की उतरायचा प्रश्नच येत नाही. मनात आलं तरी उतरता येत नाही.

वेशीतून मी सायकलवरच गेलो. पारावर चार-पाच म्हातारे उन्हाला बसले होते. एकाच्या हातात चिलीम होती, ती तोंडाशी जाता जाता थांबली. मी सरळ समोर पाहत गेलो. पेडल एका लयीत फिरत होतं. चावडी मागं पडली.  मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर झालं.

आत्या अंगणात उभी होती. वेचून आणलेला कापूस भिंतीशी रचलेला होता. ती दोन्ही हात पसरून "आला वं माय माहा देविदास!" म्हणत पुढं आली आणि मी वादी ढिली करायचं विसरलो. ब्रेक लागले, सायकल थांबली, आणि मी सायकलीसकट हळूच डावीकडं कलंडलो तो थेट कापसात. लागलं नाही. पण कापसात पडलेल्या माणसाला उठताही येत नाही, आणि पाय पेडललाच.

"अरे, आधी उतराचं असते, मंग पडाचं असते!" आत्या ओरडली.

तेवढ्यात वसंता आला. तो पाराजवळ विडी पेटवायला थांबला होता. त्यानं मला कापसातून सोडवलं, नाकातला कापूस काढायला मदत केली आणि पाणी पिता पिता सांगायला लागला.

"आत्याबाई, पारावरचा एक बुढा म्हने, 'कोन रे हा? उतरला नाई तो.' त दुसरा म्हने, 'उतरन कसा? पाय बांधले हायेत त्याचे.'"

आत्या हसली. इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. मग तो पदर तिनं थोडा वेळ तसाच ठेवला.

"तुह्या बापाले उतरा लागे," ती म्हणाली. "मले माहेरी न्याले आला तवाबी उतरला. मी इथून पाहत होती. तू नाई उतरला, लय चांगलं केलं." ती चुलीकडं वळली आणि वळता वळता म्हणाली, "पन मी इथं हात पसरून हुभी अन् तू मलेबी पाहून उतरून नाई राह्यला, पडून राह्यला. आपल्या मानसापाशी त उतरता आलं पाह्यजे ना बाप्पा."

 बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं माझं, पण या प्रश्नाचा पेपर नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि वसंतानं आणलेल्या वांग्यांचं भरीत. वसंता आमच्याच पंगतीत बसला आणि तिसरी भाकर त्यानं स्वतःच मागून घेतली. त्याच्या वडलांनी आमच्या घरी पाणी घेतलं नसतं. याची कोणी आठवण काढली नाही. आत्यानं फक्त आमटी वाढताना त्याच्या ताटात सोले जास्त टाकले, ते मला दिसलं.

पोहरादेवी

सकाळी गुडघा जड होता. तेल लावून निघालो. मानोरा मागं पडल्यावर रस्ता चढउतार घेतो, टेकड्या जवळ येतात, रानं लहान होतात आणि बंजाऱ्यांचे तांडे लागतात. मोठा चढ आला तसा मी दात आवळून पट्टीचा सगळा जोर लावला. निम्म्यात डाव्या गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं झालं. या खेपेला वादी आधीच ढिली होती म्हणून पडलो नाही. उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो.

समोरच्या तांड्यातून एक बाई पाण्याची घागर घेऊन येत होती, आत्याच्याच वयाची. तिनं न विचारता पाणी ओतलं. आम्ही ओंजळीनं प्यालो. तिची नजर माझ्या बुटाच्या तळाकडं गेली.

"आमी बैलाले नाल ठोकतो," ती म्हणाली. "तुले कोनं ठोकले?"

"याचे यानंच ठोकले, याडी," वसंता म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"शिकेल दिसते," ती म्हणाली. तिची दोन्ही मुलं ऊसतोडीला गेली होती, घरात ती आणि शेळ्या. गुडघा दुखतो म्हटल्यावर तिनं मीठ गरम करून फडक्यात बांधून दिलं. फडकं परत आणून द्या म्हणाली, कारण ते चांगलं होतं.

शेक घेतल्यावर मी कॅनव्हासचे जुने बूट घातले, पट्टीचे बूट वसंताच्या कॅरिअरवरच्या पिशवीत टाकले आणि साध्या पायानं पोहरादेवी गाठली. दुखणं होतं, पण कालच्यासारखं नव्हतं. वसंतानं मला ऐकवायची संधी सोडली नाही.

"देवा, दोन्ही पट्ट्या काढून फेक. अन् साध्या बुटानं जाय."

"साध्या बुटानं चढावर मागं पडीन. निवड चढावरच होते."

"अन् पट्टीनं गुडघा गेला त?"

"तर घरी बसीन."

"घरी बसन म्हनते! बाच्या पोत्यावर बसशीन का?"

 तो खरं बोलला होता आणि खरं बोलल्याचा त्यालाच राग आला होता.

जत्रेच्या दिवसांत पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा आवार शांत होतं. नारळाच्या दोन दुकानांपैकी एक बंद होतं, दुसऱ्यातला माणूस झोपला होता. वसंता नारळ घेऊन आत गेला. मी देवदर्शन करत नाही, तो आग्रहही करत नाही. पायरीशी बसलो, बूट काढले आणि आत गेलेले खडे झाडायला ते उलटे केले.

तेव्हा मला ते दिसलं.

या बुटांना पट्टी कधीच नव्हती. यांच्यावर मी दोन वर्षं सायकल मारली होती, आणि पेडलच्या कडेनं रबरी तळावर आपली खूण पाडली होती. उजव्या बुटावर एकच बारीक काळी रेघ होती, सरळ, फूटपट्टीनं मारावी तशी. डाव्या बुटावर रेघ तिरपी होती. आणि ती रेघही नव्हती. पंखा अर्धवट उघडावा तसा पसरट पट्टा होता. म्हणजे डावा पाय बाहेर वळलेला असतो, आणि एका जागी राहत नाही. चढावर एक कोन, सपाटीवर दुसरा.

लहानपणी मी कापसाच्या बैलबंडीवरून पडलो होतो. डावा पाय मोडला होता, गावातल्या माणसानं बांबूच्या कामट्या लावून बसवला. चालताना कळत नाही. बाला कळतं, तो म्हणतो की अंधारातही माझी चाल ओळखू येते. तो पाय मी पुस्तकातल्या चित्रासारखा सरळ ठोकला होता आणि वर घट्ट खाचेत कोंबला होता. पुस्तकात दुसऱ्याच्या पायाचं चित्र होतं. माझ्या पायाचं माझ्या बुटावर होतं, आणि ते मी दोन वर्षं पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा? जोडा उलटा पडलेला दिसला की घरात भांडण होतं म्हणून आमची माय लगेच सुलटा करते. मीही तेच करत आलो.

वसंता प्रसाद घेऊन बाहेर आला. मी त्याला दोन्ही तळ दाखवले.

"उजव्याला घट्टच राहू दे. डावी पट्टी काढायची, तिरपी ठोकायची आणि खाच घासून सैल करायची."

त्यानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "एक सैल, एक घट्ट? असं कोनी करते का?"

"माहीत नाही. माझे पाय असे आहेत."

"मंग कर बाप्पा," तो म्हणाला. "पन वाशीमले सारे हासतीन."

परतताना तांड्यावर थांबून फडकं दिलं आणि उरलेला प्रसादही. बाईनं आधी फडकं उलगडून पाहिलं, मग प्रसाद घेतला.

मंगरूळपीर

मानोऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला आलो. रस्ता सपाट, कॅनव्हासच्या बुटावर रमतगमत. बाजारात लतीफभाईंचं लोखंडी कामाचं दुकान आहे, विळे आणि कुऱ्हाडी करतात. मी डाव्या बुटाची पट्टी उचकटून त्यांच्यासमोर ठेवली आणि खाच रुंद करून द्या म्हणालो.

"ये तो एकदम नवी चीज हाय बाबू," ते म्हणाले. "बिगाडाले काहून आनली?"

"बिघडवायची नाही, घासायची आहे."

"लोग घिसलेली घेऊन येतात, नवी करून द्या म्हनतात. तुमी नवी घेऊन आले." पण त्यांनी कानस घेतली. पहिल्यांदा फारच थोडी घासली. मी पट्टी तिरपी ठोकली, बाजारातून एक फेरी मारली, टाच अजून अडत होती. दुसऱ्यांदा घासली, पुन्हा फेरी. तोवर भोवती माणसं जमली होती. एकजण म्हणाला, "सर्कस आली का?" दुसरा म्हणाला, "नाई, याचा बूट सायकलले चिकटला हाय, सोडवून राह्यले." तिसऱ्या फेरीत टाच बाहेर वळली, थोडी आत आली आणि पुन्हा बाहेर गेली, आणि पाय पेडलवरून सुटला मात्र नाही. थांबून बघितलं तर पाय झटक्यात निघाला. वसंतासमोर मुद्दाम दोनदा काढून दाखवला.

"अब दुसरा?" लतीफभाईंनी कानस पुसत विचारलं.

"दुसरा तसाच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वसंताकडं. वसंतानं खांदे उडवले. "त्याचे पाय हायेत, चाचा."

वाशीम

शर्यत वाशीमहून आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला आणि परत अशी होती. पद्मतीर्थाच्या काठी चहा आणि आलुबोंडा खाल्ला, वसंतानं दोन, मी अर्धा. सुरुवातीच्या जागेवर अकोल्याची पोरं होती, त्यांच्या रेसर नव्या, बूट नवे, दोन्ही पट्ट्या घट्ट. एकानं माझ्या सायकलचं हँडल बोटानं वाजवून पाहिलं. मी त्याच्या सायकलचं वाजवलं नाही.

जाताना मी मागच्या घोळक्यात राहिलो. सगळं लक्ष डाव्या गुडघ्यावर होतं. दर फेरीला वाट पाहत होतो, आता येईल, आता येईल. मालेगावला वळलो तोवर आलं नव्हतं. पाय आपली आपण जागा शोधत होता, मी त्याला काही सांगत नव्हतो. परतीच्या चढावर उजव्या पायानं ओढत गेलो, डाव्यानं दाबत गेलो, आणि घोळका मागं पडायला लागला. पुढं सात-आठजण उरले.

गाव जवळ आलं तेव्हा कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यात आडवी आली. बैल रेसर पाहून बिचकले. "हट्टे! थांबा रे पोट्टेहो!" बंडीवाला ओरडला. सगळ्यांना थांबावं लागलं. दोघं वाद्यांसकट कलंडले, कापूस वर बंडीत होता, खाली डांबर होतं. माझा डावा पाय जमिनीवर होता. उजवा पेडलवर अडकलेलाच होता, त्यामुळे बंडी हलल्याबरोबर निघालो. पडलेल्यांपैकी एकजण उठून जोरात आला आणि माझ्या पुढंही गेला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. तो माझ्यापेक्षा चांगला सायकलवाला होता हे मला मान्य आहे.

रेघेवर मी सहावा आलो. पहिला नाही, तिसराही नाही. सहावा. गुडघा कढत होता, पण दुखत नव्हता. वसंता घोळक्यातून वाट काढत आला आणि मला सायकलवरूनच मिठी मारायला लागला. "पाय काढू दे," म्हटलं, "नाही तर दोघंही पडू."

निवड करणारे साहेब एकेकाची सायकल आणि बूट बघत होते. माझ्यापाशी आले, बूट उलटे करायला सांगितले. केले. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय? एक सरळ, एक तिरपी? आणि हिची खाच कोणी कुरतडली?"

"मीच घासून घेतली, साहेब. मंगरूळपीरला."

"विभागाच्या शर्यतीला जायचंय आता. दोन्ही घट्ट आणि सरळ करून घे. जिल्ह्याचा संघ आहे, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत."

वसंतानं माझा शर्ट मागून ओढला. चूप राहा, असा त्याचा अर्थ. झाली ना निवड, मग कायले तोंड चालवतं. मलाही ते कळत होतं. त्या एका कागदासाठी मी आलो होतो.

"साहेब," मी म्हणालो, "शर्ट तुम्ही सांगाल तो घालीन. पाय माझेच घालीन."

आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी डावा बूट हातात घेतला, खाचेतून अंगठा फिरवून पाहिला, मग माझ्या गुडघ्याकडं पाहिलं.

"दुखला का आज?"

"नाही."

"नाव?"

मी नाव सांगितलं, बाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पुढं बी.ए. असंही सांगितलं. बी.ए. त्यांनी लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं.